घासलेला नंबर

“गंज दिसला आणि माझा हात गप्प राहिला, असं या जन्मात झालेलं नाही,” मामा एकदा म्हणाला होता. तेव्हा तो आमच्याकडे आला होता आणि बोलता बोलता खिडकीची कडी घासत बसला होता. चहा निवून गेला. आईनं विचारलं, “दादा, तू बहिणीकडे आलायस की खिडकीकडे?” मामानं कडी दोनदा लावून-काढून पाहिली. “दोघींकडे,” तो म्हणाला. “पण ही आता कुरकुरत नाही.”

त्याला सगळे कानस म्हणत. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो चौतीस वर्षं फिटर होता. लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, त्याच्या खिशात लोखंड घासायची एक बारीक कानस आणि घडी घातलेला पॉलिश पेपर असायचा. लग्नाच्या फोटोतही त्याचा खिसा फुगलेला आहे. मामी तो फोटो दाखवून म्हणायची, “मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी आणलंय.”

कारखान्यात लागण्याआधी, बाविसाव्या वर्षी, तो एका गॅरेजमध्ये होता. तिथे एका डॉक्टरची परदेशी गाडी आली. दोनच माणसांची, उघडी, शेवाळी रंगाची, जमिनीला पोट टेकून बसलेल्या जनावरासारखी. मामानं तिचा कार्ब्युरेटर तीन दिवस धुतला, जुळवला, बसवला. मालक म्हणाला, जा, डॉक्टरांकडे सोडून ये. अकरा किलोमीटरचा रस्ता. मामानं वाट वाकडी केली आणि गाडी स्वतःच्या गल्लीतून नेली. त्याची आई पायरीवर धान्य निवडत बसली होती. तिनं मान वर केली, गाडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. संध्याकाळी ती म्हणाली, “आज कुणा बड्या माणसाचा मुलगा गेला बघ इथून.”

मामानं तिला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. मला सांगितलं तेव्हा तो साठीला आला होता. “सख्ख्या आईनं ओळखलं नाही,” तो म्हणाला. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्यानंतर एकदाच पाहिला.

निवृत्त झाल्यावर त्यानं मला कॉम्प्युटरवर ती गाडी शोधायला लावली. तीच नव्हे, तिच्या जातीची. चार महिन्यांनी सापडली. समुद्रापलीकडे एका म्हातारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये अठरा वर्षं उभी होती, तिचा नवरा गेल्यापासून. आणखी दोन गिऱ्हाइकं होती, दोघंही मामाहून बऱ्या ऐपतीची. मामानं मला पत्र सांगितलं, मी ते तिच्या भाषेत लिहिलं. त्यात किमतीचा शब्दही नव्हता. ‘गाडी मला द्या अथवा देऊ नका, पण आठवड्यातून एकदा चारी चाकं पाव फेरा फिरवत जा. नाहीतर बेअरिंग एकाच जागी बसून खचतं.’ म्हातारीनं उलट लिहिलं की ती आता दर रविवारी चाकं फिरवते, दम लागतो, पण नवऱ्याशी बोलल्यासारखं वाटतं. तिसऱ्या पत्रात तिनं गाडी मामाला दिली, आणि पाकिटात किल्ली घालून पाठवली. गाडीच्या आधी किल्ली आली. मामा ती गळ्यात घालून झोपायचा.

“माझी सवत बोटीनं येतेय,” मामी शेजारणींना सांगायची.

त्यांचं घर म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्या. गाडी ठेवायची कुठे? मामानं पुढच्या खोलीची रस्त्याकडची भिंत पाडली आणि तिथे लोखंडी शटर बसवलं. खाट स्वयंपाकघरात गेली. मामी ओट्याकडे डोकं करून झोपू लागली. “लोकांच्या सवती निदान दारातून येतात,” ती म्हणाली. “हिला भिंत पाडून घ्यायची.”

“अगं, तिची उंची तुझ्याएवढीसुद्धा नाही.”

“रुंदी सांगा.”

पण भांडी घासून झाली की मामी म्हातारीनं पाठवलेले फोटो घेऊन बसायची. एके दिवशी तिनं विचारलं, “मी कुठे बसायचं हिच्यात?” मामा म्हणाला, “माझ्या शेजारी. दुसरी जागाच नाही तिच्यात.” दुसऱ्या दिवशी मामी जाड कापड घेऊन आली आणि गाडीची झूल शिवायला बसली. मामानं फोटोवरून मापं काढून दिली, सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्याही अर्ध्यापर्यंत. आतून तिनं मऊ अस्तर लावलं. “रंग खरवडायला नको सवतीचा,” म्हणाली.

कागदांना दहा महिने लागले. एका अर्जात ‘आयातीचा उद्देश’ असा रकाना होता. मामा म्हणाला, लिही, बसण्यासाठी. अर्ज परत आला. मी ‘संग्रह’ लिहिलं, तर संग्राहक असल्याचा दाखला मागितला. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येते हे खरं, पण ती जुनी आहे हे सिद्ध करायला नवे कागद लागत होते, आणि ते येईपर्यंत आधीचे जुने होत होते. शेवटी आम्ही एक एजंट गाठला. केस काळेभोर रंगवलेला, तीन फोन बाळगणारा माणूस. त्यानं सगळं मार्गी लावलं. तपासणीच्या आदल्या दिवशी तो मामाला म्हणाला, “काका, या धंद्यातला एकच मंत्र सांगतो. शिक्का पडेपर्यंत गाडी तुमची नाही. बघा, पण हात लावू नका. हात खिशात ठेवा.”

मामानं मान हलवली. त्याच्या खिशात काय असतं, हे एजंटला ठाऊक नव्हतं.

तपासणी अकरा वाजता होती. बंदरावरची शेड लांबच लांब, जमिनीवर पिवळे आकडे रंगवलेले, डांबराचा आणि भिजलेल्या खोक्यांचा वास. सत्तावीस नंबरच्या चौकटीत गाडी उभी होती. एक दिवा फुटलेला, सीटवर कुठल्यातरी कुत्र्याचे पांढरे केस. मामानं तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. मग गुडघे टेकून तो खाली वाकला, पुढचं चाक हलकेच हलवून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसला. “फिरवलंय म्हातारीनं,” तो म्हणाला. “इमानदार बाई.” आईनं न ओळखलेला तो बावीस वर्षांचा मुलगा मला तेव्हा दिसला. तो आनंद मी पाहिला तो असा, दुसऱ्यांदा आणि शेवटचा.

अधिकारी बाई दुसऱ्या जहाजावर अडकल्या होत्या. एक तास गेला, दुसरा लागला. एजंट फोन करायला बाहेर गेला. मामानं बॉनेट उघडलं, एकेक भाग डोळ्यांनीच मोजत गेला, आणि चासीच्या आडव्या पट्टीशी येऊन थांबला. तिथे गाडीचा नंबर ठोकलेला होता. त्यावर गंजाच्या खपल्या चढल्या होत्या.

“बाईंना वाचता कसा येणार हा?” तो म्हणाला. “डोळे फुटतील बिचारीचे.”

आणि पॉलिश पेपर बाहेर आला.

मी बघत होतो. एजंटचं बोलणं मला आठवत होतं. पण मामाचं घासणं बघायला मला लहानपणापासून आवडायचं. आधी लांब हात, मग आखूड, मग थुंकी लावून अंगठ्यानं पुसणं, मग पुन्हा आखूड. खपल्या गेल्या. खाली काळपट धातू दिसला, मग राखाडी, मग चकचकीत. मी तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

बाई आल्या. साध्या, दमलेल्या, हातात पेन्सिल आणि पातळ कागद. नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची, म्हणजे आकड्यांचा छाप उठतो. तसाच छाप गाडी निघताना तिकडच्या कचेरीनं घेऊन पाठवला होता. हे दोन छाप जुळले की शिक्का. बाईंनी पेन्सिल फिरवली. कागद उजेडात धरला. पुन्हा फिरवली. मग वाकून त्या पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

“हे कुणी घासलं?”

“मी,” मामा म्हणाला. हे गाणं कुणी म्हटलं, असं कुणी विचारावं तसा. “आत्ताच. तुम्हाला त्रास नको म्हणून.”

एजंट परत आला होता. फोन कानाशी होता, पलीकडून कुणीतरी बोलत होतं, आणि तो उत्तर द्यायचं विसरला. “काका,” तो म्हणाला, “लोक पायावर धोंडा पाडून घेतात. तुम्ही धोंड्याला पॉलिश करून पाडलात!”

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही छाप शेजारी ठेवून दाखवले. पन्नास वर्षांच्या गंजानं तो धातू आधीच खाल्ला होता, आकडे जेमतेम उरले होते. गंजाबरोबर उरलेलंही निघालं. तिकडच्या छापात शेवटी इंग्रजी आठ होता. आता त्याची डावी बाजू गेली होती आणि तो तीनसारखा दिसत होता. “चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच घासतात,” बाई म्हणाल्या. “हिचं इंजिन मूळचं नाही, मधे बदललंय. म्हणजे गाडी कोणती, हे सांगणारी एवढी एकच जागा होती.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही काय काम करता?”

“फिटर होतो.”

“मग तुम्हाला कळायला हवं होतं.”

मामा पट्टीकडे बघत राहिला. सुताचा कितवा हिस्सा निघाला, हे त्याला त्या क्षणी नेमकं कळलं असणार. उघड्या डोळ्यांनी जे शेकडो वेळा मोजलं होतं, तेच इथे मोजायचं राहिलं होतं.

पट्टी प्रयोगशाळेनं तपासली. गाडी सत्तावीस नंबरवरच उभी राहिली. म्हातारीचं पत्र आलं की नंबर तोच आहे, मी शपथेवर सांगते. पत्र फायलीला लागलं. पाच महिन्यांनी सुनावणीची तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी एजंट घरी येऊन शटरमागच्या रिकाम्या खोलीत स्टुलावर बसला. “काका, बाईंनी तेव्हा तुमचा जबाब लिहून घेतलेला नाही. उद्या एकच म्हणा, मी हात लावला नाही. शेडमधल्या हमालांनी कुणीतरी घासलं असेल. मग मालकाचा दोष राहत नाही, गाडी निदान तिकडे परत पाठवता येते. जिवंत तरी राहील.”

मामी दारात उभी होती. एजंट गेल्यावर ती म्हणाली, “अहो, माझ्यासाठी कधी खोटं बोलला नाहीत. सवतीसाठी बोला.”

मामा ताटातलं जेवत राहिला. “आणि हमालांचं काय?” तो म्हणाला. “त्यांना बोलावतील. विचारतील. कुणाचीतरी भाकरी जाईल.”

“तुम्हाला सगळ्या जगाची काळजी. बायको ओट्याखाली झोपते.”

त्यानं ताट उचलून मोरीत ठेवलं आणि स्वतः धुतलं.

सुनावणीला मोठे साहेब होते. त्यांनी विचारलं, “नंबर तुम्ही घासलात?” मी मामाच्या मागे बसलो होतो. मला त्याची फक्त मान दिसत होती, सुरकुतलेली, ताजी दाढी केलेली.

“पेपर माझा, हात माझा,” मामा म्हणाला.

“कारण?”

“गंज होता.”

कारकुनानं टाइप केलं: गंज होता. मग साहेबांनी प्रयोगशाळेचा अहवाल वाचला. मूळ आकडा आता ठरवता येत नाही. पृष्ठभाग अत्यंत एकसारखा, कुशल व सराईत हाताने काढलेला आहे.

“हे कुणी लिहिलंय?” मामानं विचारलं.

“प्रयोगशाळेनं.”

“कारखान्यानं चौतीस वर्षांत असं लिहून दिलं नाही.”

कुणी हसलं नाही. ‘सराईत’ या शब्दाखाली साहेबांनी आधीच रेघ मारलेली होती.

निकाल महिन्याभरात लागला. गाडी जप्त. नंबर संशयास्पद असल्यानं तिचा लिलाव करता येत नाही, परत पाठवता येत नाही, कुणाला देता येत नाही. म्हणून ती यंत्रात दाबून भंगारात काढायची. मालकानं येऊन सही करावी आणि किल्ली जमा करावी.

निघताना मामीनं झूल घडी करून पिशवीत भरली आणि पिशवी माझ्या हातात दिली. “पांघरून तरी जाऊ दे तिला,” ती म्हणाली, आणि वर मान न करता आत गेली.

कचेरीत त्याच बाई होत्या. मी पिशवीतलं काय ते सांगितलं. त्यांनी कापडाला हात लावून पाहिला, अस्तर चाचपलं. “कुणी शिवलंय?” त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाल्या, “नाही घालता येणार. कापड यंत्रात अडकतं.” पिशवी माझ्या मांडीवर परत आली.

मामानं सही केली. बाईंनी कागदावर फुंकर घातली. “किल्ली?”

त्यानं गळ्यातला दोरा काढला. दीड वर्ष अंगाच्या घामानं किल्लीच्या दात्यांमध्ये तांबूस गंज धरला होता. मामानं ती उजेडाकडे धरली आणि डोळे बारीक केले. त्याचा उजवा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. दोन बोटं आत शिरली, घडीचा कोपरा वर आला.

हात तिथेच थांबला. टेबलापलीकडे बाईही थांबल्या होत्या.

मग दोन बोटं रिकामी बाहेर आली. मामानं किल्ली होती तशी, गंजासकट, टेबलावर ठेवली, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, आणि बाहेर निघून गेला.