ऐंशी किलोची ऐट

आमच्या व्यायामशाळेचे किस्से मी मुद्दाम सांगायला बसत नाही. कुठल्यातरी लग्नात पंगतीला बसावं, समोरच्या कुणीतरी दंड वळवून दाखवावा, की झालं! एकातून दुसरा निघतो आणि पानातला भात गार होतो. ऐकणारे म्हणतात, "सुमन, तू तिखटमीठ लावतेस." लावते! पण आमच्या घरच्यांनी जे करून ठेवलंय, त्याला लावायला जागाच कुठं उरलीय?

*

बनारसला भोसले घाटामागच्या आमच्या गल्लीत नानाकाकांची व्यायामशाळा होती. लाल माती, कोपऱ्यात मारुती, जोर-बैठका, बस्स. नव्वद सालानंतर पोरं म्हणायला लागली, "नाना, आता जिम पाहिजे!" नानांनी अर्ध्या मातीवर फरशी घातली, लोखंडी दांडा आणला, प्लेटी आणल्या आणि भिंतीला माणूसभर उंच आरसा लावला.

तिथंच चुकलं! पहिला आठवडा एकानेही वजनाला हात लावला नाही. सगळे आरशापुढे रांगेत, पोट आत आणि छाती बाहेर! आठव्या दिवशी नानांनी आरशावर आपलं जुनं धोतर टांगलं आणि म्हणाले, "आधी कमवा, मग बघा!"

*

त्या रांगेत पहिला असायचा माझा थोरला भाऊ दिगूदादा, आणि दुसरा धाकटा श्री. मी मधली. दादा बँकेत होता, श्री युनिव्हर्सिटीत शिकत होता.

महिनाभरात दादा दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालायला लागला. गल्लीत समोरून गाय आली तरी हात आत घेईना! शेवटी दूधवाल्यानं काळजीनं आईला विचारलं, "माताजी, बड़के भइया के काँखी में फोड़ा भयल हौ का?"

दादाच्या काखेतल्या त्या फोडावर श्री आठवडाभर पोट धरून हसला. पुढच्या आठवड्यात तोही तसाच चालायला लागला!

*

त्यात टीव्हीवर ती मालिका सुरू झाली. दोन सख्खे भाऊ, बापाची गिरणी आणि दर भागात भांडण. दादा म्हणे, थोरला बरोबर. श्री म्हणे, धाकटा. एका रविवारी बाप मृत्युपत्र वाचायला लागला आणि नेमकी लाइट गेली. गिरणी कुणाला मिळाली हे काही कळलं नाही, पण आमच्याकडे दोघांनी आपापल्या भावाला देऊनही टाकली! वाद मिटेना, म्हणून दोघं तडक जिममध्ये. जो जास्त उचलेल, त्याचा भाऊ खरा!

दादा बाकावर उताणा झाला, दांडा छातीपर्यंत आणला आणि तिथंच अडकला. वर जाईना, खाली ठेवता येईना. श्री हाताची घडी घालून उशाशी उभा.

"आधी कबूल कर, गिरणी धाकट्याची!"

"मरेन," दादा दांड्याखालून म्हणाला, "पण गिरणी देणार नाही!"

नानांनी आणि आणखी दोघांनी मिळून दांडा उचलला. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. जेवताना मी मधे. "सुमे, त्याला सांग वरण सरकव." "ताई, त्यांना सांग हात पुरतो." वैताग नुसता!

*

आता माझं ऐका. त्या दोघांना पेला पेला दूध, आणि मला चहापुरतं. का? तर त्यांना ताकद कमवायचीय! गव्हाचं पोतं गाडीवरून स्वयंपाकघरापर्यंत मीच आणत होते, ते कुणाला दिसत नव्हतं. मला राग यायचा, फार यायचा. एक दिवस उठले आणि नानांकडे गेले.

"नानाकाका, दुपारी तीन ते चार जिम रिकामी असते. किल्ली मला द्या. आम्ही गल्लीतल्या पाच मुली येऊ."

"अगं, मारुतीचं स्थान आहे. मुलींनी तिथं..."

"घरी मारुतीच्या तसबिरीला हार मीच घालते, तेव्हा तो काही बोलत नाही!"

नाना हसले. पण नाना म्हणजे नाना. म्हणाले, "नागपंचमीला तुझे भाऊ जेवढं उचलतील तेवढं चारचौघांत उचल. किल्ली तुझी. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल!" मी म्हटलं. घरी येऊन पोत्याला दोर बांधला आणि रोज उचलायला लागले. आईनं विचारलं तर सांगितलं, "उंदीर बघतेय."

*

नागपंचमी म्हणजे बनारसच्या आखाड्यांची दिवाळी. वजनांना नवा रंग, हार, पूजा, आणि मग सगळ्या गल्लीसमोर ताकदीचा खेळ. त्या वर्षी प्लेटी रंगवायचं काम आमच्या अंगणात आलं. प्लेटी रामनगरला ओतून घेतलेल्या, एक जाड तर एक पसरट. वजन कळायचं ते फक्त वर रंगवलेल्या आकड्यावरून.

काळा रंग वाळला. दादा पांढरा रंग घेऊन आकडे घालायला बसला. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. दादा श्रीकडे न बघता हळूच म्हणाला, "पंधरावर वीस लिहू?"

श्रीनं दाराकडे बघितलं. "लिही."

तीन महिन्यांत सख्ख्या भावांचं हे पहिलं बोलणं! मी आपली चादर पिळत राहिले.

दुसऱ्या दिवशी ही गर्दी. दादानं चार 'विसाच्या' प्लेटी लावून दांडा कमरेपर्यंत उचलून धरला, नानांनी तीनपर्यंत मोजलं. श्रीनंही उचलला, वर डरकाळी फोडली. टाळ्याच टाळ्या!

मी ओढणी कमरेला बांधली. "नानाकाका, आता मी."

"अरे बिटिया, कमर टूट जाई!" मागून कुणीतरी ओरडलं.

वाकले, दातओठ खाल्ले आणि उचलला. एक. दोन. तीन. नानांनी चार म्हटलं, पाच म्हटलं, तरी मी उभीच! टाळी एक नाही. दादा कान लाल करून जवळ आला आणि पुटपुटला, "सुमे, हे ऐंशी नाहीत. साठ आहेत."

"मग ओरडून सांग की!" मी दांडा खाली ठेवत म्हटलं.

नानांचा हात जानव्याला बांधलेल्या किल्लीकडे गेला आणि थांबला. "काय रे दिगू? आकड्यांत काही गडबड आहे का?"

अख्खी गल्ली दादाकडे बघायला लागली. दादानं श्रीकडे बघितलं. श्रीनं मान हलवली, नाही.

"गडबड कसली, नाना!" दादा छाती काढून म्हणाला. "मी स्वतः लिहिलेत!"

मी नानांपुढे हात केला.