फकिराभाऊंची दीर्घिका

आमच्या गल्लीतले फकिराभाऊ पेंटर. वेरूळ रोडवरच्या निम्म्या ढाब्यांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. काचबिंदूनं नजर कडांकडून विझत चालली, तेव्हा शेवटचं काम म्हणून त्यांनी नातीच्या पुस्तकातली एक दीर्घिका माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर रंगवायला घेतली. सहा कोटी प्रकाशवर्षं दूर, मधोमध ताऱ्यांचा आडवा दांडा, आणि त्याच्या दोन टोकांपासून वळत गेलेल्या दोन भुजा.

"भाऊ, जिलेबीत लाटणं अडकलं का हो?" मी रोज छेडायचो.

"तुला लई कळतंय! लाखभर प्रकाशवर्षं रुंद हाय ती."

"मग माझी भिंत पुरंल का?"

ते हसायचे. काल मात्र ब्रश खाली ठेवून म्हणाले, "आता मला नुसता दांडाच दिसतोय. भुजा जमल्या का, तू सांग. अन् मस्करी नको."

डावी भुजा झकास वळली होती. उजवी मात्र भिंत सोडून थेट माझ्या फाटकावर चढली होती. एरवी मी गल्लीभर सांगत सुटलो असतो.

"दोन्ही जमल्या, भाऊ."

"मग झालं," म्हणाले, आणि डाव्या भुजेच्या ओल्या रंगावरूनच हात फिरवत, भिंत चाचपत घराकडं निघाले.