आक्काला फिट येते

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच. आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा सांगायला मोकळी झाले असं म्हणावं, तर — ती असताना तरी कुणी माझं तोंड धरलं होतं?

आमचा मळा मखमलाबादच्या वाटेला. शेवंती, गुलाब, थोडा झेंडू. उजाडायच्या आत फुलं तोडायची आणि पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीत, गंगेवर म्हणजे गोदावरीच्या घाटावर विकायला न्यायची. आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली आणि हे सगळं आक्कावर, माझ्या मोठ्या बहिणीवर पडलं. तिची शाळा सुटली. माझी सुटली नाही. ती माझी वेणी घालायची, डबा भरून द्यायची, आणि मी — वेणी सैल झाली म्हणून तिच्यावरच डाफरायची. मायेनं माणूस मऊ होतं म्हणतात. मी नुसती लाडावले.

मग बहात्तरचा दुष्काळ. विहीर आटली, शेवंती जागेवर वाळली. आमचे वडील, आप्पा, आणि आक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, तीही पुरायची नाही. आक्का म्हणायची, मी कामावर खाऊन आले. कामावर कोण खायला घालतं? मला कळत होतं ते. कळत असून मी तिच्या वाटणीची भाकरी खात होते. एक दिवस ती दारातच कोसळली. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाला लावला, तेव्हा शुद्धीवर आली. भूक होती ती, दुसरं काही नाही.

दुष्काळ सरला, मळा पुन्हा फुलला, आणि आक्काला निफाडकडचं स्थळ आलं. द्राक्षाची बाग, मुलगा शांत. पसंती झाल्यातच जमा होती. आक्का काम करता करता आपल्याशीच हसायची. आणि मला काय दिसत होतं? चूल. पहाटेची फुलं, धाकटा, आप्पांची भाकरी — सगळं माझ्या गळ्यात येणार. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं.

बघायला आलेल्या मंडळींत मुलाची आत्या होती. परसात मी तिच्या हातावर पाणी घालत होते. तिनं सहज विचारलं, "पोरगी लय कामाची दिसती. तब्येत बरी हाय ना?"

मी म्हणाले, "बरी हाय. फक्त मधनंमधनं फिट येती. कांदा लावला की उठती."

एवढंच. कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगू? बोलताना मला जराही भीती वाटली नाही.

स्थळ मोडलं. गोष्ट गावभर झाली. बायका तिला विहिरीवर एकटीला जाऊ देईनात. आप्पांना तिचं ते कोसळणं आठवलं आणि त्यांचाही विश्वास बसला. पेठकडच्या कुणा भगताकडे नेऊन त्यांनी तिला डाग देऊन आणलं — तापलेल्या विळ्यानं, पाठीवर. त्या जखमांना खोबरेल मीच लावायची. बोलायला याहून जवळची वेळ कुठली असते? आक्का पालथी पडून म्हणायची, "मला कायच आठवत नाय गं. पन येत असंल. झोपेत येत असंल."

 तिचा स्वतःवरचा विश्वास उडताना बघत राहिले, आणि बोटं तेलात बुडवत राहिले. मॅट्रिक झाले, पुढं मास्तरीण झाले. खोटं बोलल्या म्हणून वर्गातल्या पोरींना छड्याही मारल्या. आक्काला पुन्हा स्थळ आलं नाही.

ऐंशीच्या सुमारास मला बघायला नाशिकरोडचे पाहुणे यायचे होते. आक्का सकाळपासून राबली. अंगण सारवलं, माझी साडी नेसवून दिली, निऱ्या नीट केल्या. मग हात धुऊन पाट्या ठेवायच्या खोलीकडे निघाली. म्हणाली, "मला बघून तुझं मोडाय नको. मी आत बसते. बाहेरून कडी घाल."

पाहुण्यांची रिक्षा बांधापर्यंत आली होती. आक्का रिकाम्या पाट्या सरकवून भिंतीला टेकून बसली.

मी कडी घातली.