इन्स्टॉल झालं, पुढे काय?

मुलांच्या तापासाठी, यांच्या बदलीसाठी नवस बोलले होते. पण एकदा चक्क कॉम्प्युटरसाठी बोलले! "बाप्पा, शाळेचा निकाल छापून निघेपर्यंत गोडाला हात लावणार नाही." तेही ऐन आमरसाच्या दिवसांत! त्या उन्हाळ्यातले किस्से इतके साठलेत, की आमच्या टोकरखाडा वस्तीत चार जणी जमल्या की एखादी म्हणतेच, "काकू, मशीनचं सांगा ना!" सांगते. पण राग अजून गेलेला नाही हं.

झालं असं. आमचे हे शाळेत गणिताचे सर. एका मासिकासोबत फुकट सॉफ्टवेअरची सीडी आली. कुणीही वापरा, कुणालाही द्या! केवढं पुण्याचं काम, मला कौतुकच वाटलं. यांनी शाळेचा कॉम्प्युटर घरी आणला, जुनं सगळं पुसून हे नवं घातलं आणि हेडसरांना शब्द देऊन बसले, "यंदाचा निकाल यावरच!"

पडद्यावर आलं, 'इन्स्टॉलेशन पूर्ण. अभिनंदन!' मी निरांजन ओवाळलं. मशीन पुन्हा सुरू केलं, तर काळा पडदा आणि एकच शब्द: लॉगिन. यांनी स्वतःचं नाव लिहिलं. नाही. शाळेचं लिहिलं. नाही. शेवटी हेडसरांचंही लिहून पाहिलं!

मी म्हटलं, "अहो, मग अभिनंदन केलं तरी कुणाचं?"

* * *

सीडीच्या पाकिटावर बारीक अक्षरात छापलं होतं, 'अधिक माहितीसाठी आत गेल्यावर मदत विभाग पाहावा.'

आत जाता येत नाही म्हणूनच तर माहिती हवी ना, मेल्यांनो!

* * *

मुंबईत भाच्याच्या ओळखीचा एक कॉम्प्युटरवाला होता. यांनी एसटीडी बूथवरून फोन लावला. तो म्हणाला, "नावाच्या जागी 'रूट' लिहायचं. हे तर सगळ्यांना माहीत असतं!"

सगळ्यांना? इथे मसाटपासून अथालपर्यंत गावोगाव फिर बाबा, एक माणूस दाखव!

* * *

'रूट' लिहिलं. आता इन्स्टॉल करताना यांनी ठेवलेला पासवर्ड. हे टाइप करताहेत आणि पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ! शेजारचे महाजनभाऊ आले. जळगावकडचे, मसाटच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्यांनी कीबोर्ड उघडला, ब्रशने झाडला, परत फिट केला. तरी तेच. "सर, कीबोर्ड खलास!" मग वापीहून नवा आणला. तोही मुका!

पुन्हा फोन. "अहो, पासवर्ड दिसतच नसतो. लिहून एन्टर मारा."

महाजनभाऊ हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत म्हणाले, "वहिनी, अंधारात मी वायरिंग केली आहे. पण अंधारात लिखाण?"

* * *

आत गेलो, तर नुसती लुकलुकणारी रेघ. निकाल तोंडावर आलेला, हेडसरांचा रोज निरोप, यांना जेवण जाईना. पुन्हा बूथ. "स्टार्टएक्स लिहा, मग चित्रं दिसतील." हे म्हणाले, "अहो, आधी का नाही सांगितलं?" तर म्हणतो, "तुम्ही विचारलं नाहीत!"

मी रिसीव्हरच ओढून घेतला. "दादा, आमच्या सोळा सोमवारांच्या पुस्तकात उद्यापनाला काय करायचं, कुणाला जेवू घालायचं, निर्माल्य कुठे सोडायचं, सगळं लिहिलेलं असतं. नव्या सुनेलाही कुणाला फोन लावावा लागत नाही! तुम्ही कॉम्प्युटरवाले एवढं मोठं दान करता आणि उद्यापनच सांगत नाही?"

तो म्हणाला, "मावशी, मग तुम्हीच लिहा की!"

* * *

बाप्पाने ऐकलं. निकाल वेळेवर छापून निघाला, शेवटच्या हापूसचा रस मला मिळाला. मग मी सांगत गेले आणि हे लिहीत गेले: 'प्रथम रूट लिहावे. मग आपण ठेवलेला पासवर्ड लिहावा. तो दिसत नाही, घाबरू नये. मग स्टार्टएक्स लिहावे.' सवयीने शेवटी तोंडातून गेलंच, 'प्रसाद सर्वांना वाटावा.' यांनीही हात न थांबवता लिहिलं आणि कागद पाकिटावर चिकटवला.

अथालच्या शाळेचे एक सर ती सीडी घेऊन गेले. दुसऱ्याच दिवशी पाकीट घेऊन दारात हजर! "वहिनी, जसं लिहिलं तसं केलं, पहिल्या झटक्यात चालू! हेडसर खूश, सगळा स्टाफ थांबलाय. फक्त तेवढं सांगा, प्रसाद कसला करायचा? ते यात लिहिलेलं नाही."

मी पेन मागितलं आणि दारातच उभ्या उभ्या 'प्रसाद'च्या आधी लिहिलं, 'शिऱ्याचा'.

तुम्हीही कुणाच्या हातात काही द्याल ना, तेव्हा पुढे काय करायचं तेवढं लिहून द्या हं.