दोह्यातली प्रश्नावली आणि दाराबाहेरचा मी

आमच्या लेकीचा, मंजिरीचा, फोन आला तेव्हा मी विट्याच्या घरी गॅलरीत बसून पाण्याच्या एका जळालेल्या मोटारीचं वायंडिंग सोडवत होतो. मोटारी बांधायचं दुकान बंद केलं तरी हाताला चैन पडत नाही. "बाबा, थंडीत या दोह्याला. आणि माझ्या कामात आईची जरा मदत हवी आहे." यातलं दुसरं वाक्य मी अर्धंच ऐकलं. मंजिरी तिथे आखातात आरोग्याच्या संशोधनात आहे. मदत मराठीची, म्हणजे माझीच असणार! शाळा सातवीत सुटली असली तरी वाचनालयातलं एकही कपाट मी सोडलेलं नाही. लगेच बॅग भरायला घेतली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा, संध्याकाळी स्वेटर लागतो. मुंबईहून विमान साधारण चार तासांचं. उतरल्यावर घड्याळ अडीच तास मागे करायचं. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघायच्या आधी बघून घ्या. आमच्या सौ., सुमन, गुहागरकडच्या. त्यांनी कुळथाचं पीठ आणि आमसुलं इतकी घेतली होती की माझी पुस्तकं घरीच राहिली.

मंजिरीचं घर अल थुमामाला, विमानतळापासून जवळ. घर ऐसपैस, पण सुमननं पहिल्याच दिवशी जावयांना पलंग भिंतीला चिकटवून द्यायला लावला. बारा महिने ती भिंतीला पाय टेकवून झोपते. एकेकाची सवय, असं म्हणून मी एसी बंद केला आणि पांघरूण ओढलं. मला गारठा सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी अबू हमूरला निघालो. तिकडे गाडीशिवाय काही खरं नाही, पायी चालणारं माणूस दिसत नाही. अबू हमूरच्या एका बंगल्यात मंजिरीचं ऑफिस. तिनं वाटेत काम समजावलं. शरीराच्या तक्रारी मोजायची एक इंग्रजी प्रश्नावली आहे: डोकं दुखणं, धाप, थकवा, झोप, असं सगळं. एकानं तिचं मराठी केलं. दुसऱ्यानं मूळ न बघता त्या मराठीचं परत इंग्रजी केलं, आणि दोन्ही ताडून पाहिली. आता माणसांसमोर बसून बघायचं की त्यांना प्रश्न कळतात का, आणि उत्तरं भरवशाची येतात का. काही दिवसांनी त्याच माणसांना तेच प्रश्न परत विचारायचे. प्रकृतीत फरक नसेल तर उत्तरंही जुळली पाहिजेत.

"मग मी तयार आहे," मी म्हणालो.

"बाबा, आज आईचा नंबर आहे."

प्रश्न विचारणार होती शबाना. मूळ रत्नागिरीची, बोलायला मोकळी. घरच्या माणसानं विचारायचं नाही असा नियम, म्हणून मंजिरी बाजूला. सुमननं गुहागर म्हटलं मात्र, शबाना ओरडलीच, "अगो बाई, म्हणजे शेजारच्याच की तुम्ही!" दोघी अशा बोलायला लागल्या की जणू मी सामान पोचवायला आलो होतो.

"काकू, गेल्या सात दिवसांत हातापायांच्या दुखण्याचा किती त्रास झाला? अजिबात नाही, थोडा, मध्यम, बराच की खूप?"

सुमननं माझ्याकडे बघितलं.

"तिला काही होत नाही," मी सांगितलं. "खणखणीत आहे. लिहा, अजिबात नाही."

"काका, मी काकूंना विचारलं."

"तेच सांगतोय ना. इतकी वर्षं संसार केला, मला ठाऊक नसणार तर कोणाला?"

"बरं. काकू, झोप?"

सुमननं परत माझ्याकडे बघितलं.

"पडली की घोरते!"

शबानानं पेन खाली ठेवलं. "काका, बाहेर मस्त खुर्ची आहे. करक पाठवते तुम्हाला. चला, यल्ला."

करक म्हणजे वेलची घातलेला तिथला दाट चहा, दोह्यात गल्लोगल्ली मिळतो. चांगला असतो, पण दाराबाहेर बसून पिताना कडू लागतो. आतून हसणं ऐकू येत होतं. सुमनचं हसणं! हे हसणं मी शेवटचं कधी ऐकलं होतं, आठवेना. मग आत एकदम शांत झालं. कोणीतरी नाक ओढलं. हसण्यापेक्षा ती शांतता मला जास्त झोंबली.

बाजूच्या टेबलावर मंजिरीच्या एक जपानी सहकारी बसल्या होत्या. त्यांनी हेच काम आधी जपानी माणसांसाठी केलेलं. त्यांच्याकडे खांदे आखडल्याची तक्रार फार असते म्हणे. मी मंजिरीमार्फत विचारलं, "तिथेही नवऱ्यांना बाहेर बसवावं लागतं का?" बाईंनी हसून मान लववली. माझ्यासाठी आणखी एक करक मागवला.

गाडीत मी सुमनला विचारलं, "काय बोलत होतीस एवढं?"

"काही नाही."

हे "काही नाही" मी आयुष्यभर ऐकत आलो. तोवर मला ते खरंच वाटायचं.

मंजिरीलाही खोदून पाहिलं. "बाबा, कागदावर नाव नसतं. मला माहीत नाही. आणि असतं तरी सांगितलं नसतं."

पुढचे दिवस फिरण्यात गेले. मेट्रो घ्या, दोन रियालमध्ये कुठूनही कुठे जाता येतं, डबे आरशासारखे. सूक वाकिफचा बाजार संध्याकाळी बघावा: केशर, ससाणे विकणारी दुकानं, ढकलगाडीवर सामान नेणारे म्हातारे हमाल. कॉर्निशला समुद्राकाठी लाकडी होड्या उभ्या असतात. हे सगळं बघत होतो, पण डोक्यात शबाना. तिनं डबाभर घावन पाठवले. मी चार खाल्ले आणि म्हणालो, "जरा जाड झालेत." सुमन म्हणाली, "पाचवा ठेवा मग." दोघींची फोनवर रोज कुजबुज. मी खोलीत आलो की विषय घावनांवर!

माझाही नंबर लागला. मी गुडघा, मान, कान, सगळं रंगवून सांगितलं. शबानानं भराभर खुणा केल्या, नाक ओढायची वेळ काही आली नाही. "पोटाचा त्रास?" या प्रश्नाला मी "अजिबात नाही" म्हणालो. पोटात दुखत होतं खरं, पण ते दुखणं तिच्या कागदातलं नव्हतं.

मग वाळवंट. खोर अल अदैदला वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात. मोठी गाडी आणि जाणता ड्रायव्हर घेऊनच जा. सुमन म्हणाली, "तुम्ही जा. मला वाळूत चालवणार नाही." मला वाटलं घाबरली. जावयांबरोबर गेलो. टेकडीवरून ते निळं पाणी बघितलं आणि पहिला विचार आला, ती का आली नाही हे शबानाला माहीत असणार.

एका शुक्रवारी मंजिरी आणि शबाना बरवा अल बराहाला निघाल्या, मीही गाडीत बसलो. कामगारांची मोठी वसाहत आहे ती. एका हॉलमध्ये परवानगी काढून टेबल मांडलं होतं. म्हसळ्याचे इक्बालभाई समोर बसले, मागे त्यांच्या खोलीतले दोघे.

"भाई, गेल्या सात दिवसांत डोकं दुखलं?"

"ह्याचं?" मागचा एक हसला. "डोकं असेल तर दुखेल. घोडा आहे हो, बारा तास राबतो. अजिबात नाही लिहा, खलास!"

इक्बालभाईही हसले आणि म्हणाले, "हां, अजिबात नाही."

मीही हसलो. मग त्यांच्याकडे नीट बघितलं. हसताना ते बोटांनी कानशील चेपत होते.

शबानानं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. "चला रे दोघं, चहा पाजतो." आम्ही तिघे बाहेर गेलो. मागे दार ओढून घेतलं ते मीच.

विट्याला परतलो, आणि काही दिवसांनी दुसऱ्या फेरीचा फोन आला. फोन स्पीकरवर. मी पायांत चपला सरकवल्या.

"कुठे निघालात? बसा."

"काकू, एकट्या आहात ना?" शबानानं विचारलं.

"हे आहेत. असू देत. बोलणार नाहीत."

"नक्की चालेल तुम्हाला?"

"चालेल गो."

हातापायांचा प्रश्न आला. या वेळी सुमननं माझ्याकडे बघितलं नाही. "बराच. तळपायांची आग होते. पडलं की जास्त."

"झोप?"

"पाय भिंतीला लावले की जरा लागते. भिंत गार असते ना."

मी तोंड उघडलं. तिनं बोट वर केलं. मी मिटलं.

त्या दिवसापासून पंखा चालू आहे आणि मी दोन गोधड्यांत. पण शबानाला आधी कळलं, हे अजून झोंबतं. दोह्याहून खजूर आणले, केशर आणलं, ते संपत आलं. हे तेवढं संपत नाही.

सोमवारी सुमनला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर माझ्या ओळखीचे, दवाखान्यातली पाण्याची मोटार मीच बांधून दिलेली. त्यांनी कागद पुढे ओढला आणि नेहमीप्रमाणे मला विचारलं, "बोला, काय होतंय वहिनींना?"

सुमननं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

मग ती बोलायला लागली.