आक्काच्या पाच नद्या आणि एक हेलिकॉप्टर

आमच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. लग्नघराच्या दारात चपला साचतात तसे आपोआप साचतात, आणि त्यातले निम्मे तरी आक्काचे! आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. तंजावुरात मुलींच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दोन वर्षांपूर्वी पडली, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत असते. ती एका जागी बसली आणि आमची धावाधाव सुरू झाली.

* * *

यंदा पोंगलच्या सुट्टीत गावाबाहेरच्या मैदानावर हेलिकॉप्टर आलं. दहा मिनिटांची फेरी, वरून कावेरीचा मुलूख! आक्कानं पेपर खाली ठेवला. "मी जातें."

बाबांना घाम फुटला. "आक्का, तुला खुर्चींत बसवायला दोघं लागतात! कोणीतरी व्हिडिओ काढला असेल की. फोनवर दाखवतों."

"इथून तिरुवैयारला जाईस्तोवर वाटेंत पांच नद्या. एकतीस वर्षं फळ्यावर काढिल्या. डोळ्यांनी पाहिल्या त्या बसच्या खिडकींतून, एका वेळेस एक. पांचही मिळून कधीं पाहिल्या नाहींत. फोनवर पाहून भागतंय तर तूं आज फोनवरच जेव!"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आत्ताच न्या. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही." बाबांनी घरी येताच बुकिंगला फोन लावला.

* * *

बुकिंगवाल्यांना प्रत्येकाचं वजन हवं होतं. आक्का काट्यावर उभी कशी राहणार? शेवटी तिला भाताच्या गिरणीत नेलं, पोती तोलायच्या काट्यावर. आधी खुर्चीसकट आक्का, मग नुसती खुर्ची.

तोलणारा सवयीचा गुलाम. आकडा वाचला आणि पोत्यातून दाणे काढायची टोचणी घेऊन तो आक्काकडे वळला!

"ठेव ती," आक्का म्हणाली. "जुना तांदूळ आहे मी. पाखडून, निवडून झालेला."

* * *

डब्यांचीही एक गंमत. दहा मिनिटांच्या फेरीसाठी माझ्या बायकोनं, सुमतीनं, चौघांची पुळियोदरै आणि दहीभात बांधून घेतला. आमच्यात ह्या चिंचेच्या भाताशिवाय कोणी गावाची वेस ओलांडत नाही. गेटवरच्या माणसानं डबे अडवले. "मॅडम, आत खायला परवानगी नाही."

सुमतीनं वर आभाळाकडे पाहिलं. "मग वाटेत काही मिळतं का?"

* * *

मैदानातल्या वाळूत खुर्चीची चाकं रुतली. तशी बाबांना देवळातल्या पालखीचे भोई आठवले. फोन केल्यावर चौघंही आले. गेटवरच्या माणसाची वेताची खुर्ची मागून घेतली, तिला वेळू बांधले, आक्काला बसवलं आणि खांद्यावर घेतलं. जन्मभर देव वाहिलेली माणसं ती, सरळ चालणं त्यांना ठाऊकच नाही! दोन पावलं पुढे, जरा डावीकडे झोका, जरा उजवीकडे झोका. रांगेतल्या दोन बायकांनी हात जोडले. आक्कानंही मान हलवली.

हेलिकॉप्टरपाशी पोचले, पण थांबेनात. उजवी घालून निघाले की प्रदक्षिणेला! पंखा बंद होता म्हणून बरं. पायलट ओरडत मागे धावला, "शेपटीकडे नको! शेपटीकडे नको!"

थोरला भोई शांतपणे म्हणाला, "नवं वाहन आहे, सामी. फेरी घातल्याबिगर आम्ही देव बसवत नाही."

* * *

पायलट चुणचुणीत होता. वर गेल्यावर कानातल्या हेडफोनमधून माहिती देऊ लागला, "डावीकडे खाली दिसतेय ती कावेरी..."

"ती कुडमुरुट्टी. कावेरी तिच्या पलीकडे. बस खालीं."

तो बसलेलाच होता, तरी सावरून बसला.

आक्काचं बोट काचेवर होतं. "वेट्टार... कुडमुरुट्टी... कावेरी." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. बाबांनी डोळे गच्च मिटले होते आणि मारुतीस्तोत्र चाललं होतं. एवढ्यात हेलिकॉप्टर वळताना आक्काच्या विरुद्ध बाजूला कललं. आक्काच्या खिडकीत नुसतं आभाळ आलं! सरळ झालं तोवर मैदान समोर.

* * *

पंखा थांबला. बाबा सगळ्यांआधी उतरून वाळूत बसले. भोई वेळू घेऊन आले.

आक्का हलेना. "तीन झाल्या. वडवार आणि वेन्नार राहिल्या."

"आक्का, पुढची माणसं उभी आहेत," मी म्हणालो.

"मला उतरवायला चौघं, परत चढवायला चौघं. त्यापेक्षां मी बसतें. ह्या खेपेस ह्याला उलटं फिरवायला सांग."

पायलट म्हणाला, "मॅडम, ही फेरी त्या तिघींची आहे."

दोरीपलीकडे पन्नाशीच्या तिघी उभ्या होत्या. रेशमी साड्या, काळे चष्मे. आक्कानं दारातून त्यांना नीट न्याहाळलं आणि खणखणीत तमिळमध्ये विचारलं, "माझ्या वर्गात कोण कोण होतं?"

तिन्ही हात वर!

"तिरुवैयारच्या पाच नद्या. सांगा."

एकीनं चष्मा काढला. दुसरी म्हणाली, "कावेरी, टीचर..." आणि अडली. तिसरी चपलेकडे बघत राहिली.

"वर्गाबाहेर!"

तिघी निमूटपणे दोरीपासून दहा पावलं मागे सरून ओळीत उभ्या राहिल्या.

मग आक्कानं पायलटकडे मान वळवली. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं पंखा सुरू केला.