पोचा काढण्याआधीचा पुठ्ठा

रहिमतपुरात गाडीला पोचा पडला, की लोक विम्यावाल्याच्या आधी बशीर शिकलगारांना फोन करतात. पस्तीस वर्षं हा माणूस वाकलेला पत्रा सरळ करतोय. वाकडं काही दिसलं की त्यांना राहवत नाही. एका लग्नात जेवण अर्धवट टाकून त्यांनी यजमानांची चेपलेली बादली ठोकून दिली होती. त्यांची मुलगी सुमैरा ही गोष्ट कौतुकानं सांगायची. या वेळी मात्र त्याच खोडीनं तिचा घात केला.

सुमैराची एसटीत चालक म्हणून निवड झाली होती. प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं आणि त्याआधीच कोरेगाव रस्त्यावर तिच्या स्कूटरला मागून एक कार धडकली. कार नव्या जातीची, पुढच्या गाडीशी अंतर आपणच राखणारी, वेळ आली तर ब्रेकही आपणच मारणारी. आतले सांगलीचे गृहस्थ मोबाईल बघत होते, आरशात दिसलं, असा जबाब सुमैरानं दिला. त्यांनी जबाब दिला, की पोरगीच एकाएकी आडवी आली, गाडीनं तर ब्रेक मारला होता. मोडलेला पाय जुळून येणार होता. पण बेदरकारपणाचा ठपका बसला, तर एसटीचं स्टिअरिंग कायमचं हातून जाणार होतं.

साताऱ्याच्या वकील क्रांती घोरपडे यांनी गुरुवारी भेटायला बोलावलं. फोनवर त्यांनी बजावलं, "स्कूटर आहे तशी ठेवा. बोटसुद्धा लावू नका."

सुमैरानं खिडकीतून अंगणात पाहिलं. स्कूटर नव्यासारखी चमकत होती. ती दवाखान्यात असताना अब्बांनी पोचा काढून वर रंगही मारला होता. घरी आल्या आल्या पोरीच्या नजरेला ते पडू नये, एवढाच त्यांचा हेतू.

"आवं, दोन दिस दम निघत न्हवता व्हय?" आई, नूरजहां, म्हणाली.

 सुमैरा फार संतापली होती, पण अब्बांचा उतरलेला चेहरा पाहून तिनं राग गिळला.

थोड्या वेळानं ते गॅरेजमधून एक पुठ्ठा घेऊन आले. पोचा काढण्याआधी त्याच्या आकाराचा पुठ्ठा कापून घ्यायचा, त्यावर जमिनीपासूनची उंची आणि तारीख लिहायची, मगच हातोडी उचलायची, अशी शिस्त त्यांना मिरजेच्या उस्तादांनी लावली होती. पोरगी दवाखान्यात होती, तेव्हाही त्यांनी ती मोडली नव्हती.

शेजारच्या तानाजीनं पुठ्ठा बघितला. "बशीरभाई, माप हाय न्हवं? मग तसाच पोचा परत पाडा की. तुमच्या हातचं काम, कुणाला कळायचं न्हाई."

खरंच कळलं नसतं. संध्याकाळी सुमैरा कुबड्या टेकत दारात आली, तेव्हा अब्बा हातोडी घेऊन स्कूटरपाशी उकिडवे बसले होते. 'मारा' हा शब्द तिच्या ओठांवर आला. तिला ती नोकरी हवीच होती. बशीरभाईंनी रंगावरून बराच वेळ हात फिरवला आणि हातोडी पेटीत ठेवली.

"खोटं तेनी सांगितलंय, सुमे. आपुन न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उदयसिंह जाधवांना बोलावलं. उदयसिंह लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडे अगदी त्याच जातीची कार. बशीरभाईंनी तिच्या बंपरला ओला चुना फासला आणि मैदानात पुठ्ठ्याची दोन रिकामी खोकी मांडली. उदयसिंहांनी गाडीचा आपोआप लागणारा ब्रेक बंद ठेवून पहिल्या खोक्याला ब्रेक न मारता धडक दिली, दुसऱ्याला जोरात ब्रेक दाबत. ब्रेक दाबला की गाडी पुढून खाली दबते. त्यामुळं दुसऱ्या खोक्यावर चुन्याची रेघ दोन बोटं खाली उमटली. बशीरभाईंनी आपल्या पुठ्ठ्यावरची उंची लावून पाहिली. ती पहिल्या रेघेशी जुळली.

"म्हंजे ब्रेक लागलाच न्हवता," उदयसिंह म्हणाले.

"आन् पोचा स्कूटरच्या मागं बरुबर मधोमध व्हता," बशीरभाई म्हणाले. "पोर आडवी आली असती, तर कोपऱ्यावर बसला असता."

गुरुवारी दोन खोकी, पुठ्ठा आणि दवाखान्याचे कागद घेऊन बापलेक साताऱ्याच्या एसटीत बसले. सुमैरानं वाटेत त्यांना पढवलं, "अब्बा, आधी खोकी दाखवा. दुरुस्तीचं अगदी शेवटी सांगा." त्यांनी मान डोलावली.

वकीलबाईंनी बसा म्हणायच्या आत ते उभ्या उभ्याच बोलले, "बाई, गाडी मी ठोकून सरळ केली. तुमचा फोन यायच्या आधीच. पोरीला ठाव न्हवतं. काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा."

क्रांतीताईंनी पुठ्ठा उचलून तारीख वाचली, मग बशीरभाईंकडे पाहिलं. "खोक्यांवर कोर्ट विश्वास ठेवेल असं नाही. तज्ज्ञाकडून तपासून घेऊ. पण समोरच्यांनी विचारायच्या आधी दुरुस्तीचं आपणच लिहून देऊ. हा पुठ्ठा खरा वाटला, तर त्यामुळंच वाटेल."

त्यांनी पेन उघडलं.  बापाचा सुमैराला फार अभिमान वाटत होता आणि स्वतःची तितकीच लाज.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या जबाबातलं पण एक वाक्य खोडायचंय. मोबाईल मला दिसला नव्हता. त्यांची मान खाली होती, तेवढंच दिसलं."